दगडफूल, उंट आणि अप्पांची पावतीपुस्तकं



गेल्या महिन्यात याच सदरात पासवर्ड कसे सांभाळावेत यावर लिहिलं, आणि त्यानंतर मंडळातल्या तीन काकूंनी मला फोन करून आपापले पासवर्ड सांगून ठेवले. "तुझ्याकडे असलेले बरे, आम्ही विसरतो." तेव्हा या वेळी कॉम्प्युटरला सुट्टी. या वेळचा विषय माझा नाहीच, माझ्या सहावीतल्या लेकीचा आहे.

झालं असं, की तिच्या शाळेत बाईंनी दोन डबे फिरवले. प्रत्येकाने दोन्ही डब्यांतून एकेक चिठ्ठी उचलायची आणि निघालेल्या दोन सजीवांची तुलना करायची. पाच साम्यं, पाच फरक, शेवटी स्वतःचं मत. तिच्या मैत्रिणीला वाघ आणि बिबट्या मिळाले. हिच्या एका चिठ्ठीत निघालं 'दुर्मिळ लायकेन' आणि दुसरीत 'वाळवंटातला पाळीव सस्तन प्राणी'.

"बाबा, हे अनफेअर आहे. एकाला चार पाय आहेत आणि दुसऱ्याला काहीच नाहीये."

रविवारची संध्याकाळ होती. मी उत्साहाने लॅपटॉप उघडला, एक्सेल सुरू केलं, तीन कॉलम पाडले आणि म्हटलं, "सांग, पहिला मुद्दा." तिने माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं, "पाय. चार आणि शून्य." एवढं बोलून ती चित्रकलेची वही घेऊन आत निघून गेली. मी मात्र एक्सेलपाशी बसलो, ते मंगळवार रात्रीपर्यंत. (ही माझी खोड आहे. तिच्याकडे मी नंतर येतोच.)

आधी लायकेन म्हणजे काय ते सांगतो, कारण तुमच्या सगळ्यांच्या घरात ते आहे. ओट्याखालचा मसाल्यांचा डबा उघडा. गोडा मसाला घरी करत असाल, तर एका पुडीत काळपट-करडं, कडा वळलेलं, वाळलेल्या पानासारखं काहीतरी असेल. वजनाला काहीच नाही, वास मात्र जंगलातल्या ओल्या लाकडाचा. तेच दगडफूल. नावात फूल असलं तरी ते फूल नाही, पान नाही, झाडही नाही. ते लायकेन आहे.

लायकेन हा एक जीव नसून संसार आहे. बुरशी आणि शेवाळ यांचा. बुरशी घर बांधते, म्हणजे बाहेरची भिंत, छप्पर, पाणी धरून ठेवणं ही तिची कामं. आत हिरवं शेवाळ उन्हावर स्वयंपाक करतं आणि दोघं खातात. १८६०च्या दशकात स्वित्झर्लंडच्या सायमन श्वेंडेनर यांनी हे पहिल्यांदा मांडलं, तेव्हा लायकेनच्या मोठमोठ्या अभ्यासकांनी त्यांची थट्टा केली. दोन वेगळे जीव मिळून तिसराच दिसणारा जीव होतो, ही कल्पनाच लोकांना पटेना. आज ती शाळेच्या पुस्तकात आहे.

माझ्या बायकोने दगडफुलाचा एक तुकडा वाटीत पाण्यात टाकून दाखवला. मिनिटाभरापूर्वी जो पापडासारखा मोडत होता, तो मऊ होऊन उलगडला. आमच्या पुडीतला तुकडा कधीचाच मेलेला असणार. पण जंगलात, झाडाच्या सालीवर जिवंत असलेलं लायकेन हेच रोज करतं. त्याला मूळ नसतं, त्यामुळे जमिनीतून पाणी ओढता येत नाही. पाऊस, दव, धुकं, हवेतली ओल, जे अंगावर पडेल तेच त्याचं. ऊन चढलं की जवळजवळ सगळं पाणी उडून जातं, आणि तेव्हा लायकेन धडपडत नाही. ते थांबतं. श्वास, वाढ, अन्न तयार करणं, सगळंच जवळपास बंद. पहाटे दव पडलं की काही मिनिटांत पुन्हा सुरू. ऊन कडक होईपर्यंत दोन-तीन तास काम, मग परत बंद.

आमच्या भाषेत सांगायचं तर हे नीट शटडाऊन होणारं आणि लगेच बूट होणारं मशीन आहे. वीज नसेल तर ते ओरडत नाही. फाइल सेव्ह करतं आणि झोपतं.

उंट याच्या बरोबर उलट. तो बंद पडत नाही. तो इन्व्हर्टर आहे.

उंटाच्या कुबडात पाणी असतं, असं मला माझ्या लहानपणी सांगितलं होतं. रावपुऱ्यातून जाणाऱ्या उंटगाडीकडे बघून मी मनात हिशेबही करायचो, की किती बादल्या मावतील. कुबडात पाणी नसतं, चरबी असते. माणसाची चरबी अंगभर पसरते, उंटाने ती पाठीवर एका जागी ठेवली आहे, म्हणजे बाकी अंगाला गोधडी पांघरल्यासारखं होत नाही. पाण्याची युक्ती निराळीच आहे. ती नीट मोजली नॉर्वेत जन्मलेल्या क्नुट श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञाने. १९५३-५४ साली तो घरच्यांना घेऊन अल्जीरियातल्या बेनी अब्बेस या वाळवंटातल्या गावी राहिला आणि उंटांचं वजन, तापमान, घाम, सगळं मोजत बसला.

त्यातून दिसलं ते असं. पाणी मिळत नसेल तेव्हा उंट आपल्या अंगाचं तापमान दिवसा वाढू देतो. पहाटे साधारण ३४ अंश असेल ते दुपारी ४० अंशांच्या वर जातं. आपल्याला इतका ताप आला तर घरात धावपळ होईल. उंट घाम गाळून अंग थंड करण्यात पाणी घालवत नाही, साठलेली उष्णता रात्रीच्या गार हवेत सोडून देतो. वजनाच्या चौथा हिस्सा पाणी गेलं तरी तो चालतो. त्याच्या निम्मं गेलं तरी माणसाच्या जिवावर बेततं. आणि पाणी मिळालं की दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटरच्या आसपास पितो. एवढं पाणी एकदम रक्तात आलं तर इतर प्राण्यांच्या तांबड्या पेशी फुटतील. उंटाच्या पेशी गोल नसतात, लांबट असतात, आणि दुपटीहून जास्त फुगल्या तरी टिकतात.

माझ्या एक्सेलमध्ये आता चौदा ओळी झाल्या होत्या. मी खूश होतो. पाणी नाही ही अडचण एकच, तिच्यावर उपाय दोन. एक जवळचं पुरवून पुरवून वापरतो, दुसरा सगळं सोडून देऊन वाट बघतो.

पण लेकीच्या चिठ्ठीत नुसतं लायकेन नव्हतं, 'दुर्मिळ' लायकेन होतं. दगडफुलाच्या तर बाजारात गोण्या असतात. मग शोधता शोधता सापडलं क्लॅडोनिया पर्फोराटा. अमेरिकेतल्या फ्लोरिडाबाहेर हे जगात कुठेही नाही.

फ्लोरिडा म्हटलं की आपल्याला ऑर्लँडो आणि डिस्ने वर्ल्ड आठवतं. तिथून दक्षिणेला गेलं की लेक वेल्स रिज नावाचा लांबट उंचवटा लागतो. फार पूर्वी समुद्राची पातळी वर होती, तेव्हा ही बेटं होती, आणि आज तिथे जी पांढरीशुभ्र वाळू आहे ती त्या काळच्या किनाऱ्याची. पाऊस आपल्या बडोद्यापेक्षा जास्त पडतो, पण वाळूत पाणी ठरत नाही. ओतलं की खाली. त्यामुळे वरचा थर पावसाळी प्रदेशातही वाळवंटासारखा कोरडा. त्या उघड्या वाळूवर, झुडपांच्या मधल्या मोकळ्या जागेत, हे लायकेन नुसतं ठेवल्यासारखं असतं. जमिनीला चिकटलेलंही नाही. फिकट पिवळसर-करडं, बोटाएवढं उंच, फांद्याफांद्यांचं, आणि जिथे फांदी फुटते तिथे एक आरपार भोक. त्या भोकांवरूनच त्याचं नाव पडलं.

त्याला बीजाणू तयार करताना कोणी पाहिलेलं नाही. त्याचा एखादा तुकडा मोडला, वाऱ्याने किंवा पाण्याने थोडा पुढे सरकला आणि तिथे रुजला, की झाला वंशविस्तार. याहून सावकाश चालणारं काही मी पाहिलेलं नाही, आणि मी सरकारी वेबसाइटवर फॉर्म भरलेले आहेत.

१९९३ साली अमेरिकेच्या धोक्यात आलेल्या जीवांच्या कायद्याच्या यादीत ते आलं. त्या यादीत आलेलं ते पहिलं लायकेन. कारण उंचवट्यावरची ती पांढरी वाळू संत्र्याच्या बागांना आणि घरांच्या प्लॉटना फार सोयीची निघाली. १९९५च्या ऑक्टोबरात ओपल नावाचं वादळ आलं आणि उत्तरेकडच्या किनाऱ्यावरच्या काही जागांवरचं हे लायकेन लाटांनी धुऊन नेलं. आणि रोजचा धोका सगळ्यात साधा आहे, पाय. वाळलेल्या लायकेनवर पाय पडला की त्याचा भुगा होतो. ज्याने कोरडेपणापुढे हार मानली नाही, ते फिरायला आलेल्या माणसाच्या बुटाखाली संपतं.

इथे मला एक गंमत सापडली, ती मी लेकीला धावत जाऊन सांगितली. उंटाचं कूळ मुळात अरबस्तानातलं नाहीच. ते सुरू झालं उत्तर अमेरिकेत, सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वी. तिथून ते आशियात आलं आणि उत्तर अमेरिकेतलं मात्र सुमारे १२,००० वर्षांपूर्वी संपलं. फ्लोरिडातसुद्धा उंटाच्या भाऊबंदांची हाडं जमिनीत सापडतात. म्हणजे तुझ्या दोन्ही चिठ्ठ्या एका गावच्या आहेत!

तिला हे आवडलं. वहीतून मान वर करून तिने विचारलं, "पण बाबा, लायकेन एवढं टफ आहे, तरी संपतंय. उंट तर काय, भरपूर आहेत ना?"

कच्छला गेलो होतो तेव्हा धोरडोला उंटगाडीत बसून तिने फोटो काढलेले आहेत. तिच्या दृष्टीने उंट म्हणजे गुजरातेत हवे तितके. मी आकडे काढले आणि तेव्हा पहिल्यांदा एक्सेल बाजूला ठेवलं.

१९७०-८०च्या काळात आपल्या देशात दहा लाखांच्या वर उंट होते. २०१२च्या पशुगणनेत ते ४ लाख होते. २०१९च्या गणनेत अडीच लाख. सात वर्षांत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घट. कारणं तुम्ही ओळखाल. ट्रॅक्टर आले, रस्ते झाले, छकडे आणि टेम्पो आले, चराऊ रानं शेतात आणि कंपाउंडात गेली. एक कूबडवाला आपला उंट अरबस्तानात साधारण तीन हजार वर्षांपूर्वी माणसाळला, आणि त्याचे रानटी भाईबंद आज कुठेच उरलेले नाहीत. ऑस्ट्रेलियात जे मोकाट फिरतात तेही पाळीव उंटांचेच वंशज. म्हणजे या उंटाला परत जायला रान नाही. माणसाचं घर हेच त्याचं रान. माणसाला तो नको झाला की त्याचं कुठेच काही नाही.

राजस्थान सरकारला ही काळजी वाटली. २०१४ साली उंटाला राज्यप्राण्याचा मान मिळाला. २०१५ साली कायदा झाला. उंटाची कत्तल बंद, परवानगीशिवाय राज्याबाहेर नेणं बंद. वाचताना मला वाटलं, उत्तम. लायकेनसाठी यादी केली तसंच हे.

पण पुढे वाचलं तेव्हा लक्षात आलं की तसं नाही. उंट पाळणारे तिथले रायका लोक. शंकर-पार्वतीनेच आपल्याला उंट सांभाळायला निर्माण केलं असं मानणारे. ते पिढ्यान् पिढ्या मांसासाठी उंट विकत नव्हते, दुधाचा धंदाही करत नव्हते. त्यांचा प्रपंच चालायचा तो जत्रेत नर उंट विकून. पुष्करच्या बाजाराला बाहेरच्या राज्यांतून गिऱ्हाईक यायचं. उंट बाहेर नेणंच अवघड झाल्यावर गिऱ्हाईक कशाला येईल? भाव कोसळले. ज्या जनावराला विकता येत नाही, जुंपायला काम नाही, त्याचा चारा कुठून आणायचा? रायकांच्या मुलांनी शहरात कामं धरली. राजस्थानात २०१२ साली सव्वातीन लाख उंट होते, २०१९ साली दोन लाखांच्या थोडे वर राहिले. घट आधीपासूनच होती, सगळा दोष कायद्यावर टाकता येणार नाही. पण उंटपाळ आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या संस्था सांगत राहिल्या की मान मिळाला आणि काम गेलं.

आपल्या कच्छात याची दुसरी बाजू दिसते. तिथल्या खाराई जातीचे उंट खाडीतून पोहत जाऊन चेरांच्या, म्हणजे खारफुटीच्या रानात चरतात. २०१५ साली त्यांची वेगळी जात म्हणून नोंद झाली. पुढे २०१६ साली सांडणीच्या दुधाला अन्नसुरक्षेचे सरकारी निकष मिळाले आणि २०१९ साली अमूलने ते बाटलीत आणलं. त्या दुधाचं चॉकलेट लेकीने खाल्लेलं आहे, मला न विचारता. दूध विकलं जाऊ लागलं की मालधारीच्या घरात मादी उंटाची किंमत राहते. खारफुटी तोडली जाते ही अडचण तिथेही आहेच, सगळं गोड झालेलं नाही. पण दिशा कळते. उंट वाचवायचा तर त्याला कामात ठेवावं लागतं.

आणि लायकेन? त्याला यातलं काही नको. त्याचं दूध काढायचं नाही, त्याला जत्रेत न्यायचं नाही, खत घालायचं नाही. त्याला हवी आहे पाय न पडलेली वाळू. वादळानंतर तिथल्या लोकांनी दुसरीकडचे तुकडे आणून ठेवले, तेवढी मदत केली, आणि मग पुन्हा बाजूला झाले.

लेकीला मी हे सांगितलं, तिने ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे एकाला एकटं सोडायचं आणि एकाला सोडायचं नाही." पुन्हा चित्र काढायला लागली.

एवढ्यात झोपाळ्याची कडी वाजली.

गॅलरीत अप्पा बसले होते. माझे वडील. संध्याकाळचे सात वाजले होते आणि ते सकाळचाच पेपर वाचत होते, तिसऱ्यांदा.

मंडळातल्या जुन्या लोकांना अप्पा माहीत आहेत. अठ्ठावीस वर्षं आमच्या भागातल्या गणपतीची वर्गणी आणि हिशेब त्यांच्याकडे होता. श्रावण लागला की पिशवीत पावतीपुस्तकं, कार्बन पेपर, दोन पेनं घेऊन घरोघर. एका घरी बसले की अर्धा तास, चहा झाल्याशिवाय पावती फाडायची नाही असा नियमच होता. अनंत चतुर्दशीनंतर आठ दिवस जेवणाच्या टेबलावर नाण्यांच्या चळती. आम्हाला जेवायला खाली बसावं लागायचं.

दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. आम्ही सगळे घाबरलो. मग आम्ही त्यांची काळजी घेतली, अगदी मनापासून. जिने चढायचे नाहीत म्हणून वर्गणी बंद. मी क्यूआर कोड काढला, शीट बनवली, पैसे आले की आपोआप नोंद होते. जो हिशेब आठ दिवस चालायचा तो एका संध्याकाळी झाला. मंडळाच्या सभेत माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. अप्पाही म्हणाले, "छान झालं." मग दूध आणायचं काम गेलं, ते दारात येतं. लाइटबिल ऑटो-पेवर गेलं. बँकेत जायचं कारण उरलं नाही. भाजी बायको ॲपवरून मागवते. "अप्पा, तुम्ही फक्त आराम करा." हे वाक्य आमच्या घरात दिवसातून चारदा तरी बोललं जायचं.

अप्पा आराम करत होते. बोलणं कमी झालं होतं, चालणं कमी झालं होतं, आणि वय झालं की हे व्हायचंच, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो.

मंगळवारी रात्री एक्सेलसमोर बसून मला जे दिसलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. आम्ही अप्पांना राज्यप्राणी केलं होतं.

आणि त्याच वेळी घरात जिला मोकळं सोडायला हवं होतं, तिच्यावर मी दिवसरात्र पाय देत होतो. लेकीच्या चित्रांच्या वहीचं सांगतो. ती छान काढते. मी वही दिसली की फोटो काढायचो, फॅमिली ग्रुपवर टाकायचो. अंगठे यायचे, इंदूरची आत्या 'क्लासला घाल' म्हणायची. मी क्लासची फीसुद्धा विचारून ठेवली होती. तिने दोनदा सांगितलं, "बाबा, नको ना टाकू." मला वाटलं लाजते. नंतर माझ्या लक्षात आलं की गेले दोन महिने मी खोलीत आलो की ती वही मिटते. निबंध तिचा, आणि चौदा ओळी भरल्या मी!

बुधवारी सकाळी मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितलं, चालायला मी कधीच नाही म्हटलेलं नाही, उलट चालायलाच हवं, जिने सावकाश. 'आराम करा' हे आम्हीच आमच्या भीतीपोटी ठरवलेलं होतं.

मग मी अप्पांशी बोललो. सिनेमात होतं तसं काही झालं नाही. मी म्हटलं, "अप्पा, यंदा वर्गणीचं तुम्ही बघाल का?" ते म्हणाले, "कशाला? तुझा तो चौकोन आहे ना." आणि पेपरची घडी उलगडली. मी गप्प बसलो. दहा मिनिटांनी पेपरामागून आवाज आला, "अकरा घरं अशी आहेत जिथे कोणाकडे तसला फोन नाही. तिथे दोन वर्षं कोणी गेलेलंच नाही. तुझ्या शीटमध्ये ती नावं आहेत का?"

नव्हती. माझ्या शीटमध्ये पैसे आलेल्यांची नावं होती. न आलेल्यांची नव्हती. अप्पांना ती अकराही घरं तोंडपाठ होती, मजल्यासकट.

त्या शनिवारी अप्पा गेले. मी सोबत येतो म्हटलं, तर "तू शीट बघ" म्हणाले. अडीच तासांनी आले. पहिल्याच घरी एका आजींनी देवघरातून पाकीट काढून दिलं होतं, आत दोन वेगवेगळ्या पुड्यांत १०१ रुपये. दोन्ही वर्षांचे. "तुम्ही याल म्हणून ठेवले होते, मग वाटलं आता आपलं घर यादीत नसेल."

हे सांगताना अप्पांचा आवाज जरा कापला आणि मग ते एकदम रागावून म्हणाले, "यादीत नसेल म्हणे! अठ्ठावीस वर्षं तिसऱ्या नंबरला नाव आहे." मला तो राग ऐकून फार बरं वाटलं. दोन वर्षांत ते कशावर रागावले नव्हते.

अजून सगळं जमलेलं नाही. तिसऱ्या मजल्यावरची घरं कोणी करायची यावर आमचा वाद चालू आहे. दम लागला तर सांगत नाहीत, म्हणून बायकोने कार्बन पेपरच्या पिशवीत गोळ्यांची पट्टी आणि एक चिठ्ठी ठेवली आहे. काळजी गेलेली नाही, ती कुठे ठेवायची तेवढं थोडं कळलं आहे.

लेकीच्या बाबतीत जास्त अवघड गेलं, कारण तिथे काहीच करायचं नव्हतं, आणि काहीच न करणं मला शिकवलेलं नाही. ग्रुपवरचे फोटो मी काढून टाकले. क्लासचं पुन्हा बोललो नाही. वही टेबलावर उघडी दिसली तरी बघत नाही. निदान थांबून बघत नाही.

मंडळी, उपदेश करायचं माझं वय नाही. पण आपण घरातलं काहीतरी जपायचं म्हणतो तेव्हा एवढं विचारून बघायला हरकत नाही, की समोर उंट आहे की लायकेन. आपली मराठीच घ्या ना. बडोद्यात आपल्यातल्या कित्येकांच्या सहा-सात पिढ्या झाल्या. ती वर्षातून एकदा स्टेजवर आणून, हार घालून, टाळ्या वाजवून टिकेल असं मला वाटत नाही. ती भाजीवर भांडायला, बहिणीला चिडवायला, पावती फाडायला वापरली तरच टिकेल. ती उंट आहे. आणि घरातलं कोवळं, नुकतं फुटणारं काही असेल, मग ते मुलीची वही असो, मुलाचं गाणं असो की नव्या सुनेचं स्वतःचं काही, तिथे आधी चपला काढून बाजूला उभं राहावं.

निबंध शुक्रवारी दिला गेला. तिने माझ्या चौदा ओळींतली एकच घेतली, दोघं मूळचे एका गावचे असल्याची. बाकी तिचं तिने लिहिलं. शेवटच्या 'स्वतःचं मत' या मुद्द्यात काय लिहिलं ते मी विचारलं नाही. अप्पांना तिने वाचून दाखवलं आहे. झोपाळ्यावर दोघं हसत होते, एवढं आतून ऐकू आलं.